खाशाबा जाधव : दम आणि ताकद यांचा मेळ

पहाटेच्या वेळी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर किंवा तारकर्लीच्या ओल्या वाळूत धावणारी तरुण मुले-मुली हे दृश्य सिंधुदुर्गवासीयांना आता नवे राहिलेले नाही. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणी सैन्यभरतीसाठी, तर कोणी केवळ प्रकृती राखण्यासाठी. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते व ७.२६० किलो वजनाचा गोळा फेकावा लागतो. महिलांसाठी ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असे स्वरूप आहे. म्हणजेच एकाच दिवशी, एकाच शरीराकडून दम आणि ताकद या दोन्हींची मागणी केली जाते. तयारी करणाऱ्यांमध्ये मात्र दोन तट पडलेले दिसतात. धावणाऱ्याला वाटते की वजने उचलली तर अंग जड होईल, आणि व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्याला वाटते की धावलो तर कमावलेले स्नायू झिजतील.

हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने सात दशकांपूर्वी स्वतःच्या शरीराने दिले होते. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे ब्राँझपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारा हा मल्ल बहुतेकांना नावाने ठाऊक आहे. त्यांच्या पदकामागे कोणती मेहनत होती, कोणाचा त्याग होता आणि अवघ्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीअभावी त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्या त्यागाचा एक धागा आपल्या वेंगुर्ल्यापर्यंत येऊन पोहोचतो.

गोळेश्वरची माती

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्ती होतीच. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यातील मातीची ओळख करून दिली. कृष्णा-कोयनेच्या काठचा हा मुलूख कुस्तीवेडा. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत आणि अंगाने लहानसर दिसणारा हा मुलगा आपल्यापेक्षा थोराड मुलांना चपळाईने चीत करीत असे.

त्यांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चलेजाव आंदोलनाच्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे विद्यार्थिदशेतील खाशाबांनी केली. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले आणि कुस्तीच्या पंढरीतच येऊन पोहोचले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान ज्या नगरीत आहे, तेथे मल्लाला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही होते. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांच्या कुस्तीला शिस्त आली.

तालमीतील शास्त्र

खाशाबा केवळ कुस्तीगीर नव्हते. धावणे, पोहणे, मल्लखांब, वजन उचलणे या साऱ्यांत त्यांना गती होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांचा व्यायाम एकसुरी नव्हता. याचे मूळ आपल्या तालमीच्या परंपरेत आहे.

तालमीतील मेहनत नीट पाहिली तर तिच्यात एक सूत्र दिसते. पहाटे अंधारातच पैलवान धावून येतो. मग जोर आणि बैठका. जोरात छाती, खांदे, दंड आणि कंबर एकाच लयीत राबतात, तर बैठकांत मांड्या आणि पोटऱ्या. दोन्ही प्रकारांत वजन असते ते स्वतःच्या शरीराचेच. त्यात खंड जवळजवळ नसतो, त्यामुळे श्वासाचीही परीक्षा होते. त्यानंतर हौद्यातील माती फावड्याने उकरून भुसभुशीत करणे, मल्लखांब किंवा दोर चढणे, मुद्गल वा करेल फिरविणे. सायंकाळी जोडीदारांशी प्रत्यक्ष लढत. त्यात एकामागून एक ताज्या दमाचे गडी अंगावर घ्यायचे. थकलेल्या पैलवानासमोर विश्रांती घेतलेला दुसरा पैलवान उभा करण्याची ही रीत म्हणजे तीव्र कष्ट आणि अल्प विश्रांती यांचा हिशेबच होय.

हेच तत्त्व आधुनिक क्रीडाशास्त्राने नंतर प्रयोगशाळेत मोजले. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० सेकंद सर्वशक्तीनिशी व्यायाम आणि १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने सहा आठवडे करवून घेतली होती. त्यामुळे दीर्घकाळ टिकण्याची क्षमता आणि क्षणार्धात जोर लावण्याची क्षमता या दोन्हींत वाढ झाल्याचे त्यांना आढळले. कोल्हापूरच्या तालमीत घड्याळ नव्हते, आकडेमोड नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेली वहिवाट मात्र होती.

लंडनचा धडा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी लंडनला ऑलिम्पिक भरले. ऑलिम्पिकमध्ये तिरंगा फडकवायचा, हे स्वप्न खाशाबांनी त्याच काळात उराशी बाळगले. निवड झाली, पण प्रवासाच्या पैशांचा प्रश्न उभा राहिला. तो कोल्हापूरच्या महाराजांनी सोडविला आणि २२ वर्षांचे खाशाबा बोटीने विलायतेला पोहोचले.

तेथे त्यांच्यासमोर मातीऐवजी गादी अंथरलेली होती. हा फरक केवळ पायाखालच्या पृष्ठभागाचा नव्हता. मातीवरच्या कुस्तीला काळाचे बंधन नसे. कुस्ती चीतपट होईपर्यंत चालायची. गादीवर घड्याळ होते, गुण होते, आंतरराष्ट्रीय नियम होते. मातीत पाय रुतवून उभा राहणारा मल्ल गादीवर घसरतो, आणि डाव धरून वाट पाहणारा मल्ल गुणांत मागे पडतो. अमेरिकेचे माजी विजेते मल्ल रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये खाशाबांना थोडेफार मार्गदर्शन केले. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना हरविले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांचा पराभव झाला आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

गादीचा अनुभव नसलेल्या मल्लाने जगात सहावे यावे, ही कौतुकाची गोष्ट होती. खाशाबांना मात्र ती अपुरी वाटली. डावपेच त्यांच्यापाशी होते. कमी पडली होती ती गादीच्या गतीला शोभणारी तयारी. लंडनहून परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत वाढविली. दरम्यान ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले. वजन वाढले तरी चपळाई कमी होता कामा नये, हे त्यांच्यापुढचे खरे आव्हान होते.

दोन व्यायामांतील भांडण

वजन व ताकद वाढवायची आणि त्याच वेळी वेग व दम राखायचा, हे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील रॉबर्ट हिकसन यांनी १९८० मध्ये याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एका गटाला केवळ ताकदीचा, दुसऱ्याला केवळ दमाचा आणि तिसऱ्याला दोन्ही प्रकारचा व्यायाम दहा आठवडे दिला. दोन्ही करणाऱ्यांची ताकद पहिले सहा-सात आठवडे वाढली, मग थांबली आणि अखेरच्या आठवड्यांत घसरू लागली. दमावर मात्र वाईट परिणाम झाला नाही. एका व्यायामाचा दुसऱ्याला होणारा हा अडथळा तेव्हापासून क्रीडाशास्त्राच्या चर्चेचा विषय झाला.

हिकसन यांच्या प्रयोगातील मेहनत फार कठोर होती, ही बाब ध्यानात घ्यावयास हवी. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचा सहा दिवस असा दुहेरी भार त्या तिसऱ्या गटावर होता. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, प्रमाण सांभाळले आणि दोन्हींमध्ये पुरेसा अवधी ठेवला तर हा अडथळा बराच सौम्य होतो. उलट धावणाऱ्याला ताकदीचा फायदाच होतो. फिनलंडमधील लीना पाव्होलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुरलेल्या धावपटूंच्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश भाग उड्या, छोट्या वेगवान धावा आणि हलक्या वजनाचे वेगवान व्यायाम यांना दिला होता. नऊ आठवड्यांनंतर या धावपटूंची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढलेली नव्हती. त्याच वेगासाठी त्यांना आता कमी ऊर्जा लागत होती.

कुस्तीगीराला तर या दोन्हींची गरज एकाच वेळी असते. पट काढण्याचा क्षण दोन सेकंदांचा असतो आणि त्याला लागते ती स्फोटक ताकद. पण तो डाव फसला तर दुसरा, दुसरा फसला तर तिसरा करावा लागतो. दोन डावांमधील काही सेकंदांत हृदय आणि फुप्फुसे किती लवकर सावरतात, यावर तिसरा डाव बसणार की नाही हे ठरते. ताकद डाव मारते आणि दम पुढच्या डावाची संधी देतो. धावण्याची आणि जोर-बैठकांची सांगड घालणाऱ्या जुन्या पैलवानांना हे अनुभवाने कळले होते.

एका प्राचार्यांचे घर

१९५२ चे ऑलिम्पिक फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होणार होते. त्याआधी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण कमी मिळाला आणि त्यांची संधी हुकण्याची चिन्हे दिसू लागली. हा निकाल आपल्यावर अन्याय करणारा आहे, असे त्यांना वाटले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. क्रीडाप्रेमी महाराजांनी त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी दिली. खाशाबांनी तेथे प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि ऑलिम्पिकचे दार उघडले.

दार उघडले तरी वाट खर्चाची होती. शासकीय मदत खर्चाला पुरणारी नव्हती. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आपापल्या ऐपतीनुसार वर्गणी काढली. खाशाबांनी स्वतः घरोघरी, दारोदारी फिरून मदत मागितली. तरीही रक्कम कमी पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये आपल्या माजी विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

वेंगुर्ल्याचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय याच प्राचार्यांच्या नावाने ओळखले जाते. सिंधुदुर्गातील हजारो विद्यार्थ्यांनी या महाविद्यालयातून पदवी घेतली असेल. प्रवेशद्वारावरील ते नाव ज्यांचे आहे, त्यांनी एका शेतकऱ्याच्या मुलाच्या कुस्तीसाठी स्वतःचे छप्पर पणाला लावले होते, ही गोष्ट त्यांतील किती जणांना ठाऊक असेल? त्या काळी ७००० रुपये ही लहान रक्कम नव्हती. पदकाची तर कोणतीच हमी नव्हती. खर्डेकरांनी भरवसा ठेवला तो मुलाच्या मेहनतीवर.

हेलसिंकीची ती लढत

हेलसिंकीचे ऑलिम्पिक क्रीडा इतिहासात विशेष ओळखले जाते ते चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झातोपेक यांच्यामुळे. ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके या एका धावपटूने एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकली. मॅरेथॉन तर ते आयुष्यात प्रथमच धावत होते. जड लष्करी बूट घालून धावणे, ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या थोड्याथोड्या अवधीने कितीतरी वेळा मारणे ही झातोपेक यांच्या सरावाची पद्धत होती. धावपटूने केवळ लांब अंतर संथपणे धावावे, हा समज त्यांनी मोडीत काढला. धावपटू ताकदीकडे वळला होता आणि कोल्हापूरचा पैलवान दमाकडे. दोघेही त्याच नगरीत, त्याच जुलै महिन्यात आपापल्या मेहनतीचे फळ मागत होते.

खाशाबांची सुरुवात दमदार झाली. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन यांना त्यांनी १४ मिनिटे २५ सेकंदांत चीत केले. हा आकडा बोलका आहे. त्या वेळी कुस्ती १५ मिनिटांची असे. म्हणजे जवळजवळ पूर्ण वेळ झुंजल्यानंतर, अखेरच्या मिनिटात प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीला लावण्याइतका जोर या मल्लात शिल्लक होता. आजची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दमाची कल्पना येते. पुढे मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यांना त्यांनी ५ मिनिटे २० सेकंदांत अस्मान दाखविले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर गुणांनी मात केली. पदक आता हाताच्या अंतरावर आले होते.

अंतिम टप्प्यात त्यांच्यासमोर दोन बलाढ्य मल्ल होते. एक, सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह आणि दुसरे, जपानचे शोहाची इशी. या दोन्ही लढती खाशाबांना लागोपाठ खेळावयास लावण्यात आल्या. दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम सांगून खाशाबांची बाजू मांडण्यासाठी भारतीय पथकातील एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, दमछाक झालेल्या मल्लाने एकट्याने काय वाद घालावा? ते गादीवर उतरले. दोन्ही लढती त्यांनी गमावल्या. इशी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले आणि हेलसिंकीतील ते जपानचे एकमेव सुवर्णपदक होते. मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना ब्राँझपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. इशी आणि मामेदबेकोव्ह हे दोघेही त्या काळचे अव्वल मल्ल होते. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीने ३० मिनिटे ही किरकोळ गोष्ट नाही. सर्वशक्तीनिशी केलेल्या झुंजीनंतर स्नायूंत साचलेली आम्लता कमी होण्यास, श्वास आणि नाडी पूर्वपदावर येण्यास एवढा अवधी लागतो. विश्रांती हा मेहनतीचाच भाग आहे आणि तो खाशाबांच्या हातात नव्हता. चार वर्षांची तयारी त्यांनी केली. त्या तयारीचे रक्षण करणे ज्यांचे काम होते, ते जागेवर नव्हते.

त्याच संघातील कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले आणि त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. हॉकी संघाने सुवर्णपदक राखले. वैयक्तिक पदक मात्र एकट्या खाशाबांचे होते.

ऋणाची परतफेड

गावी परतलेल्या खाशाबांचे स्वागत राजाला शोभावे असे झाले. कऱ्हाड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशांच्या गजरात निघालेल्या त्या मिरवणुकीला गाव गाठायला कित्येक तास लागले. सारा पंचक्रोशीचा मुलूख आपला माणूस पाहण्यासाठी रस्त्यावर लोटला होता.

गुलाल खाली बसल्यावर खाशाबांना आठवण होती ती गहाण पडलेल्या घराची. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, जिंकले आणि त्यातून उभी राहिलेली रक्कम खर्डेकरांचे घर सोडविण्यासाठी दिली. ऑलिम्पिकचे पदक मिळविणारा मल्ल कर्ज फेडण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला. या घटनेत त्यांच्या स्वभावाचे जेवढे दर्शन घडते, तेवढे पदकातही घडत नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी त्यांची तयारी सुरू होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि ते स्वप्न तेथेच थांबले. ज्यांनी वर्षानुवर्षे बैठका आणि धावणे यांचा भार सोसला, त्यांच्या बाबतीत गुडघा हेच मर्मस्थान ठरावे, यात नवल नाही. त्या काळी खेळाडूंच्या दुखापतींवर आजच्यासारखे उपचार नव्हते.

पोलीस दलातही त्यांनी कुस्तीची सेवा सोडली नाही. दलांतर्गत स्पर्धांत त्यांनी यश मिळविले, नव्या मल्लांना शिकविले. तब्बल २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर मात्र हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांचा समावेश होता. वयाच्या ५६ व्या वर्षी हाती मशाल घेऊन धावणारा तो मल्ल देशाचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता आहे, हे तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असावे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जात आहे. खाशाबांना तो मिळाला २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर दीड दशकाने. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला. हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला पद्म पुरस्कार आला नाही. हेलसिंकीनंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, अटलांटा येथे लिअँडर पेस यांच्या रूपाने. मध्ये ४४ वर्षे गेली. महाराष्ट्राला तर ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ब्राँझपदक जिंकले, तेव्हा ती प्रतीक्षा संपली.

आपण काय घ्यावे?

सिंधुदुर्गाला लाल मातीच्या कुस्तीची कोल्हापूरइतकी मोठी परंपरा नाही. परंतु येथल्या जीवनात दम आणि ताकद यांचा मेळ पूर्वापार आहे. रापण ओढणारे मच्छीमार पाहिले की त्याची खात्री पटते. वाळूत पाय रोवून, एका लयीत, समुद्राच्या ओढीविरुद्ध जाळ्याचा दोर खेचणे हा कोणत्याही व्यायामशाळेत न सापडणारा व्यायाम आहे. त्यात पाठ, खांदे, मांड्या एकाच वेळी राबतात आणि श्वासाला उसंत नसते.

आजच्या तरुणांनी खाशाबांच्या मार्गाने जायचे तर त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. ताकदीचा तीव्र व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. तो आणि धावणे एकाच दिवशी करायचे असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर असावे. तालमीतील सकाळ-संध्याकाळच्या विभागणीचे मर्म हेच आहे. अंतर ठेवणे शक्य नसेल, तर ज्या गोष्टीत आपण कमी पडतो ती आधी करावी, कारण ताज्या अंगाने केलेला व्यायाम अधिक लागू पडतो. धावण्यातही रोज सर्वशक्तीनिशी धावू नये. एखाद-दोन दिवस वेगवान फेऱ्या आणि उरलेले दिवस सहज गतीने धावावे.

किनाऱ्यावर धावणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कोरड्या, मऊ वाळूत धावताना टणक जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते, असे बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले आहे. त्यामुळे तेथला वेग घड्याळात कमी दिसला तरी मेहनत कमी नसते. भरतीच्या रेषेजवळची ओली वाळू टणक असली तरी तिला उतार असतो. एकाच दिशेने धावल्यास एका बाजूच्या गुडघ्यावर व घोट्यावर ताण येतो, म्हणून जितके अंतर जाताना तितकेच परतताना धावावे. दुखणाऱ्या गुडघ्यावर धावण्याचा हट्ट करू नये. मेलबर्नचे स्वप्न एका गुडघ्यापाशी थांबले, हे विसरू नये.

आणि विश्रांती. ती आळस नाही. खाशाबांच्या आयुष्यातील सर्वांत महागडा ठरलेला अर्धा तास हेच सांगतो. झोप, पुरेसा आहार आणि दोन मेहनतींमधील अवकाश यांखेरीज ताकद अंगी मुरत नाही.

हे झाले खेळाडूंचे. बाकीच्यांसाठीही या चरित्रात एक धडा आहे. गोळेश्वरच्या मल्लाने आपले काम चोख केले. गावाने वर्गणी काढून आणि एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवून आपले काम केले. उणे पडले ते ऐन वेळी गादीशेजारी उभे राहून त्याचा हक्क मागणारे माणूस. आपल्या जिल्ह्यातील एखादी धावपटू मुलगी किंवा एखादा कुस्तीगीर उद्या राज्य पातळीवर, देश पातळीवर जाईल. त्याच्यामागे वर्गणी देणारे गाव असेल, कदाचित एखादे खर्डेकरही भेटतील. पण त्याच्यासोबत नियम जाणणारा, त्याच्यासाठी बोलणारा जबाबदार अधिकारी, प्रशिक्षक आणि वैद्य असणे ही समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे. ती पार पाडली गेली, तरच वेंगुर्ल्याच्या महाविद्यालयाच्या दारावरील नावाचे ऋण काही अंशी फिटले, असे म्हणता येईल.